अंधारात विजेने 'बघणारा' मासा आणि त्याची नक्कल करणारे रोबॉट

तुमच्या फोनच्या स्क्रीनला डोळे नाहीत, तरी तुमचं बोट नेमकं कुठे टेकलं हे तिला कळतं. काचेखाली अतिशय बारीक, पारदर्शक तारांचं जाळं असतं आणि त्या जाळ्याभोवती एक कमजोर विद्युतक्षेत्र असतं. बोट जवळ आलं की ते क्षेत्र त्या जागी जरासं बिघडतं. किती बिघडलं, कुठे बिघडलं, हे आतली चिप मोजते आणि फोनला सांगते की इथे टच झाला. कपॅसिटिव्ह टचस्क्रीनचं सगळं गणित एवढ्यावर उभं आहे.

आता हीच युक्ती कोट्यवधी वर्षं वापरणारा एक मासा आहे. फरक इतकाच, की त्याची 'स्क्रीन' म्हणजे त्याचं अख्खं शरीर, आणि त्याला कुणी शिवायचीही गरज नाही. आसपासच्या पाण्यात एखादी वस्तू असली तरी त्याला कळतं. या माशांना इलेक्ट्रिक नाइफफिश म्हणतात. मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंतच्या गोड्या पाण्यात यांच्या २०० पेक्षा जास्त जाती आहेत आणि ॲमेझॉन खोऱ्यात तर यांची रेलचेल आहे. तिथल्या कित्येक नद्यांचं पाणी गढूळ किंवा काळ्या चहासारखं. त्यात हे मासे बाहेर पडतात रात्री. म्हणजे डोळ्यांचा उपयोग जवळजवळ शून्य.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, जीवशास्त्र बारावीनंतर सोडलं. पण सेन्सर, बॅटरी, नेटवर्क आणि कंट्रोल सिस्टीम या चारही विषयांचं उत्तर एकाच माशात सापडतंय म्हटल्यावर वाचत गेलो. रोबॉटिक्सवाले या माशाच्या मागे का लागलेत, हेही त्यातून नीट समजतं.

आधी एक गोंधळ मिटवू

'नाइफफिश' हे नाव सुरीसारख्या चपट्या, निमुळत्या आकारावरून पडलं. आपल्या भारतातल्या नद्यांतही नाइफफिश आहेत. बंगाली लोक ज्यावर जीव टाकतात तो चितळ मासा त्यातलाच. पण आपले नाइफफिश वीज तयार करत नाहीत आणि त्यांचं दक्षिण अमेरिकेतल्या माशांशी जवळचं नातंही नाही. पोटाखाली लांबच लांब पर असणं एवढंच साम्य.

दुसरा गोंधळ इलेक्ट्रिक ईलचा. नावात ईल असलं तरी तो खरा ईल नाही, तो याच नाइफफिशच्या खानदानातला आहे. त्याच्या अंगात विजेच्या पेशींच्या रांगा असतात. एक पेशी जेमतेम ०.१५ व्होल्ट देते, पण हजारो पेशी टॉर्चमधल्या सेलसारख्या एकापुढे एक लागल्या की बेरीज प्रचंड होते. २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं की आपण ज्याला एक जात समजत होतो त्या खरं तर तीन आहेत, आणि त्यातल्या एकीने तब्बल ८६० व्होल्टचा झटका दिला. घरातल्या प्लगमध्ये २३० असतात.

मात्र या लेखाचा हीरो तो नाही. बाकीचे नाइफफिश इतकी कमजोर वीज सोडतात की पाण्यात हात घातला तरी काही जाणवत नाही. आणि तीच जास्त हुशारीची वापरली जाते.

झटका देत नाही, मग वीज कशाला?

हा प्रश्न चार्ल्स डार्विनलाही छळत होता. १८५९ च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात त्याने विद्युत-अवयव ही खास अडचण म्हणून नोंदवली आहे. मोठा झटका देणारा अवयव उपयोगी आहे हे ठीक, पण तिथपर्यंत पोचण्याआधीच्या पिढ्यांमध्ये दुबळा अवयव काय कामाचा होता?

उत्तर मिळालं ते केंब्रिजच्या हान्स लिसमान यांना, आणि तेही एका आफ्रिकन माशामुळे. जिम्नार्कस नावाचा हा मासा उलटं पोहताना कशावरही आपटत नाही, शेपटी बरोबर फटीत घालतो, हे त्यांच्या लक्षात आलं. शेपटीला काही डोळे नव्हते. त्यांनी पाण्यात इलेक्ट्रोड टाकले, ॲम्प्लिफायर लावला, आणि १९५१ मध्ये जाहीर केलं की हा मासा अखंड विद्युत-सिग्नल सोडत असतो. पुढे १९५८ मध्ये केन मशिन यांच्यासोबत त्यांनी पुरावा पक्का केला. बाहेरून अगदी सारखी दिसणारी सच्छिद्र भांडी पाण्यात ठेवली. एकात नुसतं पाणी, दुसऱ्यात काच. माशाला ती ओळखायला शिकवलं आणि तो ओळखू लागला. नजरेने किंवा वासाने हे जमण्यासारखं नव्हतं. काच वीज वाहू देत नाही, पाणी देतं, आणि माशाला नेमका तोच फरक कळत होता.

म्हणजे दुबळी वीज सेन्सर म्हणून कामाची होती. डार्विनची अडचण सुटली.

गंमत अशी की जिम्नार्कस आणि दक्षिण अमेरिकेतले नाइफफिश हे एकमेकांचे भाऊबंद नाहीत. दोन खंडांत, दोन वेगळ्या कुळांनी ही गोष्ट स्वतंत्रपणे शोधली. दोघांनीही लांब रिबिनीसारखा एकच पर वापरायचं ठरवलं. आफ्रिकन माशाचा तो पाठीवर आहे, दक्षिण अमेरिकन माशाचा पोटाखाली. पेशींच्या पातळीवरही तीच चाल दिसते. स्नायूंमध्ये वापरल्या जाणाऱ्या सोडियम चॅनेलच्या जीनची एक जादा प्रत पूर्वजांकडे पडून होती, ती दोन्ही कुळांनी आपापल्या विजेच्या कामाला जुंपली.

सेन्सर कसा चालतो

पेट ॲक्वेरियमच्या दुकानांत 'ब्लॅक घोस्ट' नावाचा काळा, शेपटीवर दोन पांढरे पट्टे असलेला मासा तुम्ही पाहिला असेल. तो याच कुळातला. शेपटीकडच्या भागात त्याचा विद्युत-अवयव असतो. बहुतेक नाइफफिशमध्ये हा अवयव बदललेल्या स्नायूंचा बनतो, घोस्टमध्ये मात्र थेट मज्जातंतूंचा. तो सेकंदाला साधारण हजार वेळा धडधडतो आणि माशाभोवती विद्युतक्षेत्राचं एक आवरण तयार होतं.

ते क्षेत्र वाचायला त्याच्या त्वचेवर सुमारे १४,००० रिसेप्टर पसरलेले आहेत. दगड आला की वीज त्याला वळसा घालून जाते आणि त्वचेवर त्या जागी तिची 'सावली' पडते. दुसरा मासा किंवा किडा आला तर उलट. त्याचं शरीर पाण्यापेक्षा जास्त सुवाहक असतं, म्हणून वीज तिकडे ओढली जाते आणि त्वचेवर उजळ ठिपका उमटतो. शिवाय सजीव वस्तूंमध्ये कपॅसिटन्स असतो, त्यामुळे सिग्नलचं टायमिंगही किंचित हलतं. त्यावरून काही जातींना जिवंत आणि निर्जीव यांतला भेद करता येतो. आपल्या टचस्क्रीनला पाण्याचा थेंब आणि बोट यांत गल्लत होते हे पावसात फोन वापरणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. हा मासा तर पाण्यातच बसून हे काम करतो.

माझ्या पुण्यातल्या एका मित्राकडे ब्लॅक घोस्ट आहे. त्याच्या टाकीत आम्ही दोन वायरी सोडल्या आणि त्या बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या ॲम्प्लिफायर-स्पीकरला जोडल्या. (बॅटरीवरचाच घ्या. भिंतीच्या प्लगला जोडलेलं काहीही टाकीत घालू नका.) मासा वायरीजवळ आला की स्पीकरमधून बासरीच्या एकाच सुरासारखा सरळ, न थरथरणारा आवाज येतो. फोनवर स्पेक्ट्रम ॲनलायझर ॲप लावलं तर हजार हर्ट्झच्या जरा खाली एक ताठ रेघ दिसली. अर्धा तास बघत होतो, रेघ हलली नाही.

ती हलत नाही याला कारण आहे. मेंदूच्या मागच्या भागात पेशींचा एक छोटा पुंजका या ठोक्यांचा ताल धरतो. १९९८ मध्ये मोजमाप झालं तेव्हा दोन ठोक्यांमधल्या अंतरातली चूक एका मायक्रोसेकंदापेक्षाही कमी निघाली. पेशींपासून बनलेल्या घड्याळासाठी हे अफाट आहे. आपल्या हृदयाचे ठोके याच्यापुढे अगदीच बेताल.

मर्यादाही सांगायला हवी. अंतर वाढलं की हा सिग्नल प्रचंड वेगाने पडतो. पाण्यातला दाण्याएवढा किडा ब्लॅक घोस्टला जेमतेम ३ सेंटीमीटरवरून कळतो. डोळ्यांच्या मानाने हे काहीच नाही. पण ते ३ सेंटीमीटर सगळीकडे असतात: पुढे, मागे, वर, खाली. आणि इथेच पोहण्याची गोष्ट सुरू होते, कारण मागून आलेली बातमी तुम्हाला मिळाली आणि मागे जाताच आलं नाही, तर तिचा काय उपयोग?

ताठ अंग आणि रिबिनीचा पर

साधा मासा अंग वळवत, शेपूट हलवत पुढे जातो. नाइफफिशला ते परवडत नाही. अंग वळलं की विद्युतक्षेत्र वळलं, आणि मग दगडामुळे झालेला बदल कोणता आणि स्वतःच्या वळण्यामुळे झालेला कोणता, हे वेगळं करत बसावं लागतं. म्हणून तो अंग ताठ ठेवतो आणि पोटाखालच्या परातून लाटा सोडतो. (हा पर इतका लांब असतो की पोटातले अवयव सगळे पुढे कोंबलेले असतात आणि माशाचं गुदद्वार चक्क डोक्याखाली आलेलं असतं. उत्क्रांतीला लेआउटची फार फिकीर नसते.)

ब्लॅक घोस्टच्या परात छत्रीच्या काड्यांसारख्या सुमारे १५० काड्या असतात आणि प्रत्येकीला स्वतःचे स्नायू. लाट डोक्याकडून शेपटीकडे सोडली की मासा पुढे जातो, शेपटीकडून डोक्याकडे सोडली की मागे. शिकार करताना तो बऱ्याचदा किड्याच्या पुढे निघून जातो, अंगावरच्या रिसेप्टरना किडा कळला की गाडी रिव्हर्स घेतो आणि मग झडप घालतो.

अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात माल्कम मॅकायव्हर यांच्या गटाने याचीच नक्कल करून 'घोस्टबॉट' बनवला. ३२ मोटरी, त्यांना ३२ काड्या, आणि काड्यांवर ताणलेलं लायक्राचं कापड, तेच ते स्विमिंग कॉश्च्यूमचं. या कामात त्यांच्यासोबत ऑस्कर क्युरेट आणि नीलेश पाटणकर होते. पाण्याच्या प्रवाहाचं गणित मांडणाऱ्या पेपरवर अनुप शिरगावकर हेही नाव आहे. मराठी आडनावं दिसली की आपण थांबतोच, मीही थांबलो.

२०११ मध्ये या गटाने एक वेगळीच गोष्ट छापली. ब्लॅक घोस्ट कधीकधी एकाच परात एकाच वेळी दोन लाटा सोडतो, एक पुढून मागे आणि एक मागून पुढे. दोन्ही मधोमध भेटतात. रोबॉटवर हे करून बघितलं तर दोन बाजूंनी आलेलं पाणी मध्ये आपटून खाली फेकलं गेलं आणि रोबॉट वर उचलला गेला. पंखा नाही, वेगळी मोटर नाही, फक्त त्याच ३२ काड्यांना वेगळा प्रोग्रॅम.

पण एकमेकांविरुद्ध जोर लावणं ही शक्तीची उधळपट्टी नाही का? मलाही आधी तेच वाटलं, आणि बहुतेक इंजिनियर हेच म्हणतील. याचं उत्तर २०१३ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या नोआ कोवन यांच्या गटाने ग्लास नाइफफिश नावाच्या पारदर्शक माशावर आणि रोबॉटवर काम करून दिलं. कंट्रोल सिस्टीममध्ये एक जुनी कटकट आहे. जे वाहन स्थिर असतं ते पटकन वळत नाही, आणि जे पटकन वळतं ते स्थिर राहात नाही. मालवाहू विमान आणि फायटर विमान आठवा. मासा काय करतो, दोन्ही लाटा चालूच ठेवतो आणि फक्त त्या भेटतात ती जागा जरा पुढे-मागे सरकवतो. जागा सरकली की जोराचं पारडं लगेच एका बाजूला झुकतं, म्हणून वळणं सोपं. आणि दोन्हीकडून जोर असल्यामुळे धक्का लागला तरी तो आपोआप शमतो, म्हणून स्थैर्यही मिळतं. दोन्ही एकदम. त्यासाठी जादा ऊर्जा खर्च होते, पण बदल्यात कंट्रोलचं काम मेंदूसाठी सोपं होतं. सॉफ्टवेअरमध्ये आपण रोज असेच सौदे करतो.

मॅकायव्हर-पाटणकर गटाचा २०१५ चा एक निष्कर्षही भारी आहे. अशा लहरत्या परांच्या २२ प्राण्यांमध्ये लाटेची लांबी ही तिच्या सरासरी उंचीच्या साधारण २० पट निघाली. यात मासे आले, माकूळसारखे मऊ प्राणी आले, चपटे कृमी आले. सिम्युलेशन आणि रोबॉट, दोन्हींत याच प्रमाणाला सर्वांत चांगला जोर मिळाला. रोबॉटचा पर डिझाइन करणाऱ्याला आयता आकडा मिळाला.

सिग्नल एकमेकांत मिसळले तर?

माझ्या मते या माशाची सर्वांत देखणी गोष्ट ही आहे, आणि ती शुद्ध कॉम्प्युटर सायन्स आहे.

समजा तुमचा ग्लास नाइफफिश ४०० हर्ट्झवर ठोके देतोय आणि शेजारी ४०४ वाला आला. दोन्ही सिग्नल पाण्यात मिसळतात आणि सेकंदाला ४ वेळा कमी-जास्त होणारा गोंगाट तयार होतो. नेमक्या अशाच संथ चढउतारांवरून तर मासा वस्तू ओळखत असतो. म्हणजे दोघंही आंधळे झाले. सोसायटीत दहा वाय-फाय राउटर एकाच चॅनेलवर आले की व्हिडिओ अडकतो, तसाच प्रकार.

१९६३ मध्ये जपानच्या वातानाबे आणि ताकेदा यांनी बघितलं की मासे यातून आपोआप वाट काढतात. ४०० वाला आणखी खाली सरकतो, ४०४ वाला आणखी वर. फरक वाढला की गोंगाट निरुपद्रवी होतो. पण आपण खालचे की वरचे, हे माशाला कळतं कसं? मी कोड लिहिला असता तर सरळ स्वतःची फ्रिक्वेन्सी व्हेरिएबलमध्ये ठेवली असती आणि समोरच्याशी तुलना केली असती. वॉल्टर हायलिगेनबर्ग यांनी कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत वर्षानुवर्षं काम करून दाखवलं की मासा असं करतच नाही. मेंदूने स्वतः किती हर्ट्झचा आदेश दिला ही माहिती तो वापरत नाही. शेजाऱ्याचा सिग्नल त्याच्या अंगाच्या वेगवेगळ्या भागांवर कमी-जास्त जोरात पोचतो, आणि मासा त्या भागांमधल्या ताकदीची आणि टायमिंगची आपसात तुलना करतो. ताकद वाढत असताना टायमिंग पुढे सरकतंय की मागे, एवढ्यावरून शेजारी वर आहे की खाली हे ठरतं. असे हजारो छोटे छोटे, थोडे चुकीचे असू शकणारे अंदाज एकत्र करून मेंदू शेवटी बरोबर बाजू निवडतो. कुणी ॲडमिन नाही, मास्टर क्लॉक नाही. संवेदनेपासून कृतीपर्यंत अख्खा मार्ग पेशीपेशीने उलगडलेली जी मोजकी वर्तनं आहेत त्यात याचं नाव आदराने घेतात. हायलिगेनबर्ग १९९४ मध्ये पिट्सबर्गजवळच्या विमान अपघातात गेले.

हीच पद्धत उचलून जॉर्जिया विद्यापीठात मेबल फोक यांच्या गटाने प्रकाशावर चालणारं सर्किट बनवलं, जे रेडिओ सिग्नलची टक्कर ओळखून फ्रिक्वेन्सी बाजूला घेतं. वायरलेस डिव्हाइसची गर्दी वाढते आहे, त्यामुळे याला भाव येणार असं मला वाटतं.

आणखी एक छोटी गोष्ट. फोनमधला कंपास बिघडला की मॅप तुम्हाला फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवायला सांगतो, आठवतं? ग्लास नाइफफिशही अंधारात मागे-पुढे डुलतो, उजेडात कमी डुलतो. बदलत्या सिग्नलवर त्याचा सेन्सर जास्त चांगला चालतो, म्हणून तो स्वतःच हलून सिग्नल बदलवतो. कोवन यांच्या गटाने २०२३ मध्ये दाखवलं की तो सतत डुलत नाही. अंदाज पक्का असला की गप्प काम करतो आणि शंका आली की भसकन हालचाल करून घेतो.

मग हे रोबॉट कुठे आहेत?

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि दोन एसटी बस नदीत गेल्या. नौदलाचे पाणबुडे होते, एनडीआरएफ होती, क्रेनला टांगलेलं मोठं लोहचुंबक पाण्यात फिरवलं गेलं. तरी गाड्या हाती लागायला कित्येक दिवस गेले. पुराच्या चहासारख्या पाण्यात कॅमेऱ्याला हातभरही दिसत नाही, पाण्याखाली जीपीएस आणि वाय-फाय चालत नाही, आणि माणसाला उतरवणं म्हणजे आणखी एक जीव धोक्यात. पुलाच्या खांबांची पाण्याखालची तपासणी, धरणाच्या जाळ्या, बंदराचे धक्के, सगळीकडे अडचण हीच आहे.

नाइफफिश रोबॉट असता तर बस लगेच सापडल्या असत्या, असं मात्र मी म्हणणार नाही. विजेची 'नजर' जवळची आहे. लांबून शोधायला सोनारच लागणार. खरा उपयोग शेवटच्या एका मीटरचा: खांबाला खेटून जायचं, मलब्यात शिरायचं, कशावर न आपटता रिव्हर्स यायचं. गाळाने विद्युतक्षेत्राला फारसा फरक पडत नाही, आणि रिबिनीच्या परात प्रोपेलरसारखी गवत-दोरी गुरफटत नाही. समुद्राचं खारं पाणी वीज फार सहज वाहून नेतं, त्यामुळे तिथला हिशेब वेगळा मांडावा लागतो.

फ्रान्समधल्या नांत शहरात फ्रेडरिक बोये यांच्या नेतृत्वाखाली युरोपचा 'एंजल्स' प्रकल्प २००९ ते २०१२ या काळात चालला. त्यात विजेने चाचपडत पोहणारा, ईलसारखा जोडांचा रोबॉट तयार झाला. जोड सुटे होऊन वेगवेगळे पोहू शकतात ही त्याची खासियत. घोस्टबॉट आणि हा, दोन्ही प्रयोगशाळेच्या टाकीतले मासे आहेत. अशा रोबॉटला सगळ्यात छळते ती बॅटरी. ३२ मोटरी सतत चालवायच्या आणि वर वीजही सोडत राहायची.

माशालाही वीज महाग पडते. स्टर्नोपायगस नावाचा नाइफफिश रात्री सिग्नल वाढवतो, दिवसा उतरवतो. त्यासाठी पेशींच्या पडद्यात नवे सोडियम चॅनेल काही मिनिटांत बसवले जातात, असं २००९ मध्ये दिसलं. म्हणजे पॉवर सेव्हर मोड हार्डवेअरमध्येच.

बॅटरीवर काम झालंय ते इलेक्ट्रिक ईलवरून. २०१७ मध्ये स्वित्झर्लंडच्या फ्रिबोर्ग आणि अमेरिकेच्या मिशिगन विद्यापीठातल्या लोकांनी जेलीसारख्या हायड्रोजेलचे, कमी-जास्त खारट थेंब एकाला एक लावून ११० व्होल्ट मिळवले. सगळे थेंब एकाच वेळी चिकटावेत म्हणून त्यांनी मिउरा नावाची जपानी कागदी घडी वापरली. ती बॅटरी मऊ आहे, विषारी नाही, पुन्हा चार्जही होते. पण तिची ताकद मोटर फिरवण्याइतकी नाही. शिवाय तिला चार्जर बाहेरून लावावा लागतो. ईल मात्र मासे खाऊन चार्ज होतो.